सीतेची वेणी मी मागितली होती

फिलू मादीन,

परवा तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा झाली. चर्चमधून लोक तुझ्या घरी आले, कॉफी प्याले, चण्याची उसळ आणि पाव खाल्ले, आणि जाताना तुझ्या पडवीतल्या टांगत्या टोपल्या बोडक्या करून गेले. मी खांबाला टेकून बघत होते. जिने मला चौथीपर्यंत शिकवलं, त्या तेरेझ टीचरने आधी रुमालाने डोळे पुसले आणि मग त्याच रुमालात नेच्याचा एक गड्डा मुळासकट गुंडाळून पर्समध्ये टाकला. दोन सुना एकमेकींना आडोसा देत मनी प्लांट तोडत होत्या. एका बाईच्या खांद्यावरच्या पिशवीतून तुझी अबोली डोकावत होती.

फादर प्रवचनात म्हणाले, फिलोमेनाबाय दानशूर होती, या वाडीत असं एक घर नाही जिथे तिच्याकडचं रोप नाही. बायकांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. एक घर आहे, मादीन. माझं.

गेलेल्या माणसाशी भांडू नको, असं माय म्हणते. पण हे भांडण तू जिवंत असताना संपवलं नाहीस. अर्धवट टाकून गेलीस. सगळ्या वाडीने तुझ्या टोपल्यांचे फोटो स्टेटसला ठेवले आहेत, खाली हात जोडलेले. मला स्टेटस ठेवता येत नाही. मला बोलायचं आहे.

तुझा नियम सगळ्यांना पाठ होता. दिलेलं रोप लागत नाही, चोरलेलं लागतं. म्हणून तू कोणाला हाताने काही द्यायची नाहीस. पाहुणी आली की तिला पडवीतल्या बाकावर बसवायचीस, इकडचं तिकडचं बोलायचीस, आणि ती वर बघायला लागली की उठायचीस. "भितर दूध उतू जाता काय बघतंय हां." दूध तापत ठेवलेलं नसायचंच. आत जाऊन तू भांडी वाजवत राहायचीस. तोवर बाईने काय खुडायचं ते खुडायचं. भांड्यांचा आवाज थांबला की तिने परत बाकावर येऊन बसायचं. मग कॉफी यायची आणि तुम्ही दोघी उकाड्याबद्दल बोलायचात. पुढे कधीतरी ती बाई मासळी बाजारात तुला गाठून म्हणायची, "फिलूबाय, तुमच्याकडचां तां लागलां हां." तू भुवया वर करायचीस. "माझ्याकडचां? मी खंय दिलंय तुका?" आणि दोघी हसायच्या.

गोड पद्धत आहे. मी नाकारत नाही. आमच्या हायस्कुलात पुण्याहून बदलून आलेल्या एका बाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, किती छान हो, कुठेतरी लिहून काढा. लिहिते आहे. पण त्यांना मी अर्धंच सांगितलं होतं.

उरलेलं असं की ती पडवी माझी माय झाडायची.

तिच्या लग्नाआधीपासून ती तुझ्याकडे कामाला. सकाळी खळं आणि पडवी झाडायची, मासे साफ करायचे, भांडी, मग दुपारी टोपल्या. आकडीने एकेक टोपली खाली काढायची, पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत धरायची, निथळवायची, परत वाशाला अडकवायची. मी तिच्या मागे मागे. तुझ्या टोपल्यांचं पाणी निथळून पायरीवर पडायचं आणि माय ते परत पुसायची. नेच्यांना तू बांगडे धुतलेलं पाणी घालायला लावायचीस. एकदा ते फादरांच्या पांढऱ्या झग्यावर ठिबकलं आणि ओरडा मायला बसला.

काम संपवून घरी निघताना माय तुझ्या पायरीवर उभी राहून पदर सोडायची आणि जोरात झटकायची. धूळ झटकते, असं मला सांगायची. धूळ नव्हती ती. हात रिकामे आहेत, पदर रिकामा आहे, हे दाखवणं होतं. तू तिला कधी झटक म्हणाली नाहीस, एवढं मी मान्य करते. नको झटकू, असंही कधी म्हणाली नाहीस. तू बाकावर बसून बघायचीस आणि म्हणायचीस, "सकाळी लवकर ये गो."

आता तूच सांग. मी त्या पदराची मुलगी. मी तुझ्या टोपलीत हात घालायचा होता? तेरेझ टीचरने घातला तर ती गंमत. मी घातला तर?

बाप्तिस्म्याच्या वेळी तू मला हातावर धरलंस म्हणून तू माझी मादीन, धर्माची आई. मायने तुला विचारलंही नव्हतं म्हणे. तिची हिंमतच नव्हती. तू स्वतः म्हणालीस, "धरतंय मी तुझ्या चेडवाक." झगा तू शिवलास, नाव तू ठेवलंस. लुर्दीन. चांगलं नाव आहे, त्याबद्दल आभार. पण ते नाव तू मला दिलंस हे तू मला जेवढ्या वेळा ऐकवलंस, तेवढ्या वेळा त्या नावाने हाकही मारली नसशील.

तुझ्याकडून शिकले काही नाही, असं म्हटलं तर खोटं होईल, आणि खोटं मला लिहायचं नाही. नारळाची सोडणं पाण्यात भिजत घालायची, त्यांचा लाल चिकट रस पुरता निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं, नाहीतर मुळं जळतात, हे तुझंच. तळाला कौलांचे तुकडे आणि कोळसा, वर माती आणि जुनं शेणखत. बांधायला काथ्या नको, तो कुजतो, रापणवाल्यांच्या जाळ्याची जुनी दोरी घ्यायची. टोपली पडवीच्या कडेला टांगायची नाही, समुद्राकडून येणारं खारं वारं पानांच्या कडा करपवतं, एक वासा आत घ्यायची. आणि पाणी हवं की नको ते बोट खुपसून बघायचं नाही. टोपलीच्या बुडाला तळहात लावून किंचित उचलायची. हलकी लागली तर तहानलेली. लहानपणी तू माझा हात धरून टोपलीच्या खाली नेलास आणि म्हणालीस, "बघ. मांजराच्या पिलागत लागता मां?" तसंच लागलं होतं. आजही मी माझ्या टोपल्या तशाच उचलून बघते. राग येतो मला त्याचा. माझ्या हातात तुझी सवय आहे, आणि ती काढून टाकता येत नाही.

मग मी कॉलेजला गेले. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, आणि मी मालवणला बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलं. तू बाकावरून म्हणालीस, "झाडां शिकूक कॉलेजात जाउचां लागता? तुझी आवस खयच्या कॉलेजात गेली?" माय हसली. मीही हसले तेव्हा. एस.टी.च्या पासासाठी रांगेत उभी असताना ते वाक्य आठवायचं आणि कान तापायचे.

निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन तुझ्याकडे आले. मुंबईहून तुझी पाहुणी आली होती. तू तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलंस, "आमच्या कामवालीचां चेडू. बी.एस्सी. झालां." तुझा चेहरा फुलला होता, हेही सांगते. तुला अभिमान वाटत होता. पण अभिमानाच्या आधी तू 'कामवालीचां' हा शब्द ठेवलास. तो मागे ठेवता आला नसता? की नुसतं 'माझी फिलयाद', माझी धर्माची लेक, म्हणता आलं नसतं, जे मी होते, चर्चच्या साक्षीने?

त्याच दिवशी मी तुझ्याकडे मागितली. सीतेची वेणी.

तुझ्या पडवीत ती एकच टोपली खरी होती. बाकीचं सगळं कुठेही मिळतं. मनी प्लांट पाण्याच्या बाटलीत वाढतो, अबोली रस्त्याच्या कडेला. सीतेची वेणी मात्र रानातली ऑर्किड, तुझ्या घोवाने वादळात पडलेल्या आंब्याच्या फांदीवरून उतरवून आणली होती. वैशाखात तिला खाली लोंबणारे गजरे यायचे, पांढरे, त्यावर जांभळे ठिपके, आणि रस्त्यावरून जाणारे पर्यटकसुद्धा गाडी थांबवून फोटो काढायचे. पण ती खुडून नेता येत नाही, मादीन. तिची फांदी तोडली तर लागत नाही. बुंध्याशी बाजूने फुटवा येतो, त्याला स्वतःची मुळं फुटेपर्यंत थांबावं लागतं, मग टोपली खाली काढून, धारदार सुरीने, सोडणाला चिकटलेली मुळं एकेक सोडवत तो काढावा लागतो. भांडी वाजवून होणारं ते काम नाही. म्हणून तर वाडीत ती तुझ्याशिवाय कोणाकडे नव्हती. तुझ्या सगळ्या झाडांत एवढंच झाड असं होतं, की जे फक्त देताच येतं.

मी म्हटलं, "मादीन, त्या वेणीचा एक फुटवा मला दे."

"दिलेलां लागणा नाय गो."

"लागतं. झाडाला कळत नाही कोणी दिलं आणि कोणी चोरलं. मुळं शाबूत पाहिजेत, बस."

"ह्यां तुका कॉलेजात शिकवल्यानी?"

"हो."

तू हसलीस, उठलीस. "थांब हां. भितर दूध ठेवलंय."

आणि आत गेलीस. भांडी वाजवायला लागलीस. मी बाकावर पेढ्यांचा पुडा घेऊन बसून राहिले. पाहुणी मला हळूच म्हणाली, "जा ना, घे ना पटकन." मी हलले नाही. तू बराच वेळ भांडी वाजवत होतीस. शेवटी कॉफी घेऊन बाहेर आलीस, आधी टोपलीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "काय गो? लाजतंस?"

"नाही. मागते आहे."

तेव्हापासून हे चाललं. दरवर्षी फुलं आली की मी विचारायचे आणि तू दूध बघायला जायचीस. मी शिक्षिका झाले, कट्टा गावाच्या बाजूच्या हायस्कुलात सायन्स शिकवायला लागले, लग्न झालं, तरी तेच. तुझ्या मुलाला, इनासला, तोपर्यंत म्हापशात नोकरी लागली होती. घरी आला की तो आम्हाला बघून हसायचा, "तुमचां दोघींचां ह्यां कधी संपतलां?" त्याला ती गंमत वाटायची. तुलाही वाटत असावी. मला कधीच वाटली नाही. मला तुझ्या तोंडून एक शब्द हवा होता. घे. बाकी सगळ्यांना झाड हवं होतं, मला तो शब्द हवा होता. त्या घरातून माझ्या घरी काही जायचं असेल तर ते उजेडात, देणाऱ्याच्या हातून आणि घेणाऱ्याच्या हातात जावं, एवढंच. हा हट्ट असेल तर असू दे.

आम्ही वरच्या अंगाला घर बांधलं, तेव्हा मीही पडवी काढली आणि टोपल्या टांगल्या. पहिल्या उन्हाळ्यात निम्म्या करपल्या, कारण गवंड्याने कड्या बाहेरच्या अंगाला ठोकल्या होत्या. त्या आत घेतल्या. पुढच्या वर्षी माझा चिनी गुलाब असा फुलला की दहाच्या उन्हात पडवीकडे बघताना डोळे दिपायचे. घराच्या आशीर्वादाला फादर आले, तूही आलीस, काठी टेकत, चांगलं लुगडं नेसून. प्रार्थना झाल्या. मी केक कापायला सुरी आणायला आत गेले, बाहेर आले, तर तुझा हात माझ्या टोपलीत. लाल चिनी गुलाबाची एक कांडी तुझ्या बोटांत.

सगळ्यांसमोर मी म्हटलं, "मादीन, मागितलं असतंस तर दिलं असतं."

तू ती कांडी केकच्या ताटाशेजारी ठेवलीस. "इतक्या शिकान तुका इतक्यां कळणा नाय?" म्हणालीस आणि निघून गेलीस. इनास तुझ्या मागे धावला.

मायने नंतर भांडी विसळता विसळता मला ऐकवलं. "तिना तुका मान दिल्यान गो. मोठ्या घरात जशी करता तशी तुझ्या घरात वागली. तू तिका चोर केलंस."

मी म्हटलं, "मान द्यायचा होता तर तुला द्यायचा होता. तू तिच्याकडे जन्म घालवलास."

"माका मान घेवन काय करूचो होतो? माका दोन वाजता घराक सोडी, तां बरां होतां."

पण मी तुला जे बोलले त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुला माझ्या घरी बरोबरीने वागायचं होतं, तर आधी तुझ्या घरी वागायचं होतंस. माझ्या टोपलीतून कांडी खुडायला तुला दोन पावलं लागली. तुझ्या टोपलीपर्यंत पोचायला मला अख्खं कॉलेज लागलं, तरी मी पोचले नाही.

त्यानंतर आपण रविवारी चर्चबाहेर मान हलवायचो, तेवढंच.

मग तू आजारी पडलीस. इनासने सांगितलं, आई आठवण काढते. मी आले. तुझी खाट पडवीला लागूनच्या खोलीत, खिडकीतून टोपल्या दिसतील अशी ठेवली होती. तुझे हात इतके बारीक झाले होते की बांगडी कोपरापर्यंत चढली होती. माझं आणि तुझं काय बोलणं झालं ते आपल्या दोघींनाच माहीत आहे. आता मला एकटीलाच.

तू म्हणालीस, "वेणी फुलली?"

"कळ्या आल्या आहेत."

"बाहेर जावन बस जरा. बाकार." मग म्हणालीस, "मी डोळे मिटून पडलंय. माका काय दिसणा नाय."

मला कळलं. तू उठू शकत नव्हतीस, भांडी वाजवू शकत नव्हतीस, म्हणून डोळे मिटत होतीस. शेजारच्या स्टुलावर सुरीही होती, फळं कापायची. इतकं सोपं करून ठेवलं होतंस तू.

मी खाटेशेजारून हलले नाही. म्हटलं, "मादीन, एकदा म्हण. घे, म्हण."

तू डोळे उघडले नाहीस. "माझ्या हातसून दिलेलां जगणा नाय गो."

"नाही जगलं तर नाही जगलं. तू म्हण."

तू भिंतीकडे तोंड केलंस. मी बसून राहिले. मग इनास औषध घेऊन आला आणि मी उठले.

तुझ्या हातून दिलेलं काय जगलं नाही, कोणाला काय दिलं होतंस, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी म्हणते, तू सांगायला हवं होतंस. तो तुझा खरा घोर होता की शेवटचा बहाणा, मला माहीत नाही. खरा असला तरी मला तो पुरत नाही. माणूस मरायला टेकल्यावर सगळ्यांना सगळं माफ करतात असं म्हणतात. मी बघितलं ते असं की मरायला टेकलेलं माणूसही एक शब्द गिळून बसू शकतं. तूही हट्टी, मीही हट्टी, असं इनास शवपेटीजवळ कोणाला तरी सांगत होता. दोघींना एका मापात घालू नको, मला त्याला सांगायचं होतं. तुझ्या हट्टात तुझं काही जात नव्हतं.

परवा सगळे गेल्यावर इनास पडवीत उभा होता, बोडक्या टोपल्यांकडे बघत. नुसती सीतेची वेणी तेवढी धड राहिली होती. तीनही गजरे पुरे फुललेले. कोणाला ती चिमटीत नेता आली नव्हती.

"लुर्दीन," तो म्हणाला, "माका उद्या जाउक व्हया. घर बंद. तू ह्यो सगळ्यो घेवन जा. मी काय करू हेंचां?"

इतकं सोपं. त्याला त्या टोपल्यांचं ओझं झालं होतं आणि मी जवळ उभी होते. सांगायला लाज नाही, क्षणभर माझा हात वर गेला. मग मी म्हटलं, "तुझ्याकडे मी मागितलं नव्हतं."

"आता आई नाय मां."

"ठाऊक आहे."

महिन्याच्या मिस्सेपर्यंत पाणी मी घालीन, एवढं कबूल केलं. सुट्टी आहे, शाळा नाही. त्याने किल्ली दिली, आणि जाताना म्हणाला, "तुका हवां तसां कर गो. कोणाक देवचां ता दी. माका इचारू नको."

म्हणून आज सकाळपासून मी तुझ्या पडवीत आहे. टोपल्या भिजवल्या, सुकलेलं काढून टाकलं, परत टांगल्या. ऊन वर आलं तशी तेरेझ टीचर आली, बरोबर तिची बहीण. बसल्या. बहिणीने वर बघितलं. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी बसले होते. उकाड्याबद्दल बोलून झालं.

टीचर म्हणाली, "तुका भितर काय काम नाय गो?"

"नाही."

"पाणी बिणी दी मगे आमका."

पाण्याचा तांब्या मी बाहेरच ठेवला होता. दोन पेले भरून दिले. म्हटलं, "टीचर, काय हवं ते मागा. कापून देते. नेच्याचा गड्डा परवा नेलात, तो दमट जागी ठेवा, नाहीतर जाईल."

तिचा चेहरा लाल झाला. "मागूक? मी काय भिकारीण?" पेला तसाच ठेवून ती उठली, बहिणीला घेऊन पायऱ्या उतरली.

त्या गेल्यावर मी बराच वेळ त्या शब्दावर अडकले. भिकारीण. म्हणजे एवढी वर्षं मी तुझ्यासमोर उभी राहून दे म्हणत होते, तेव्हा तुम्हा सगळ्यांना तेच दिसत होतं? म्हणून तू आत पळायचीस? माझी लाज राखायला? मला ती लाज कधी वाटलीच नाही, मादीन. आमच्या घरात सगळं मागूनच यायचं. मायची रजा, माझी जुनी पुस्तकं, आजारपणात पेज. ज्यांना मागायची वेळ कधी आली नाही त्यांनाच मागण्याची लाज. तू मला तुझ्यासारखी समजून वाचवत राहिलीस आणि मी तुझ्यासारखी नव्हते. हे तुला दिसायला हवं होतं. तुझ्या पडवीत, तुझ्या डोळ्यांसमोर मोठी झाले मी.

दुपारी माय जेवणाचा डबा घेऊन आली. गुडघे धरत पायऱ्या चढली. मी जेवत होते तर ती टोपल्यांखालून फिरत होती, एकेकीच्या बुडाला हात लावून बघत. सीतेच्या वेणीखाली थांबली. मान वर करून गजऱ्यांकडे बघत राहिली.

"लुर्दू."

"काय गो?"

"हेचो एक फुटवो माका दी."

घास हातातच राहिला. "तुला? तुला कधीपासून हवा होता?"

"पयल्यापासून."

"मग बोलली नाहीस कधी? माझ्याकडे नको, तिच्याकडे?"

"तू मागी होतंस मां," माय म्हणाली. "एका घरातल्या दोघांनी मागूचां काय?" मग माझ्याकडे वळून, जरा चिडूनच, "देतंस काय नाय? काय दूध ठेवलंस भितर?"

मी हात धुतले. आकडीने टोपली उतरवली आणि बाकावर ठेवली. बुंध्याच्या डाव्या अंगाला एक फुटवा होता, चार पानांचा, खाली बोटभर लांबीची चार-पाच मुळं, टोकांना हिरवी. मुळांनी सोडणाला घट्ट धरलं होतं. पाणी मारून ती मऊ केली आणि सुरीच्या टोकाने सोडवत गेले. एक तुटलं. माय वाकून बघत होती, श्वास धरून. कापलेल्या जागेवर कोळशाची पूड लावली.

मग मी तो दोन्ही हातांवर घेतला आणि म्हटलं, "घे."

मायने दोन्ही हातांनी घेतला. "लागात मां?"

"माहीत नाही, माय. एक मूळ तुटलंय."

"न्हय लागलो तरी चलात," ती म्हणाली, आणि फुटवा उघडा हातावर धरून, डबा तिथेच विसरून, रस्त्याने घरी गेली. कुंपणापलीकडून कोणीतरी विचारलं, काय गो नेतंस? आणि माझी आई, जिचा आवाज मी तुझ्या घरात कधी पायरीबाहेर गेलेला ऐकला नव्हता, मोठ्याने म्हणाली, "सीतेची वेणी. मागितलंय, दिल्यान."